पट दोन, हजर दोन

गुरुवार, २ जानेवारी २०२५. राहाता.
पट २, हजर २

जन्मभर फळ्याच्या कोपऱ्यात तारीख, वार, पट आणि हजेरी लिहिली. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण हात ऐकत नाही. म्हणून या नव्या रोजनिशीचं पहिलं पानही त्याच चालीवर. पटावर दोन नावं. मी, बेंजामिन अब्राहाम साळवे, वय सत्तर. आणि माझी पत्नी रोझी, जिचं वय विचारायचं नाही असा घरचा दंडक आहे. दोघंही हजर.

नगर सोडून आज इथे राहायला आलो. रोझीच्या मूत्रपिंडांनी काम टाकलंय. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस, ते चुकलं तर सगळंच संपलं. नगरला जागा मिळत नव्हती, इथून अकरा किलोमीटरवरच्या दवाखान्यात मिळाली. घर दोन खोल्यांचं, पण मागे पेरूची बाग. पहाटे पोपटांचा असा गलका, जणू पहिलीचा वर्ग कविता म्हणतोय आणि कुणालाच पुढची ओळ येत नाही. शेजारच्या विजयमालाबाईंनी आल्या आल्या चहा दिला आणि बागेतले पेरू विचारून खायचे, असं हसत हसत बजावून ठेवलं.

डॅनीनं, म्हणजे आमच्या मुलानं, त्याची जुनी पांढरी गाडी आम्हाला दिली. काचेला आतून काडेपेटीएवढा कॅमेरा चिकटवलाय. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, शिर्डीच्या बसगाड्या. कुणी धडकलं आणि उलट आपल्यावरच आलं, तर हा साक्षीदार, असं तो म्हणाला. कॅमेरा फक्त समोरचा रस्ता बघतो, पण गाडीतलं बोलणं सगळं ऐकतो. रोझी म्हणाली, म्हणजे आता भांडायचं ते घरातच.

शुक्रवार, ३ जानेवारी
पट २, हजर २

गाडी सुरू करण्याआधी गंमत म्हणून हजेरी घेतली. रोझी बेंजामिन? ती पदर सावरत म्हणाली, हजर, गुरुजी. मग तिनं हट्ट धरला की गुरुजींचीही झाली पाहिजे. तिनं माझं नाव पुकारलं, मीही हजर म्हणालो. दोघंही शिक्षक, चाळीस वर्षांत तिनं मला एकदाही नियमातून सूट दिली नाही.

सिमेंटच्या रस्त्याच्या सांध्यांवरून चाकं जाताना अगदी भुजंगप्रयात वाजतो. लगागा लगागा लगागा लगागा. दोन्ही बाजूंना गहू, मध्येच हरभरा. मी जुन्या चौथीच्या पुस्तकातली पावसाची कविता चालीवर म्हटली. रोझी म्हणाली, तिसऱ्या कडव्यात तुमची चाल अजून उतरतेच.

दवाखान्यात चार तास लागतात. मी आवारातल्या कडुलिंबाखाली गाडीत बसून हे लिहितोय. डॅनीनं शिकवल्याप्रमाणे कॅमेऱ्यातलं चित्रण मोबाईलवर काढून पाहिलं. चित्रात नुसता रस्ता, आणि त्यावर आम्हा दोघांचे आवाज. आपलाच म्हातारा आवाज ऐकताना लाज वाटली. रोझीचा आवाज मात्र तसाच आहे, लग्नातल्यासारखा.

मंगळवार, ७ जानेवारी
पट २, हजर २

कॅमेरा बिघडला. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख दिसते ११-०८-१९८६, वेळ १०.४०. आकडा पुढे जात नाही.

सोबत आलेलं माहितीपत्रक भिंगातून वाचलं. तारीख दोनदा लावली. गाडी बंद करून चालू केली की पुन्हा तीच. मग त्यात लिहिल्याप्रमाणे टाचणी घेतली, बाजूच्या बारीक भोकात घालून दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरली. पडदा काळा झाला, परत उजळला, भाषा विचारली, तारीख विचारली. मी आजची तारीख घातली. परत १९८६.

त्या वर्षी आम्ही दोघं पारनेर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत होतो. दोन शिक्षकी शाळा, कौलांवर पारव्यांची वस्ती. रोझीला तारीख दाखवली नाही.

बुधवार, ८ जानेवारी
पट २, हजर २

रविराज नावाच्या माणसाचं इथे गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. तिशीचा, मोठा बोलका. तारीख पाहून म्हणाला, गुरुजी, हा कॅमेरा तर माझ्यापेक्षा थोरला निघाला. त्यानं सगळं नीट समजावलं. आतली बारीक बॅटरी मेली की तारीख राहत नाही. सिगारेट लायटरच्या भोकात खुपसलेली वायर खड्ड्यात हलते, मग वीज तुटते. कार्ड महिन्यातून एकदा पुसून कोरं करायचं.

त्यानं वायर बदलली, कार्ड नवं टाकलं, टाचणीनं पुन्हा सगळं मूळपदावर आणलं. मग तारीख लावताना जरा थांबला. वर्षाचा आकडा २०१५ पर्यंतच खाली जातो, त्याच्या खाली जातच नाही. त्यानं मला पुनःपुन्हा दाबून दाखवलं. मग १९८६ आलं कुठून, हे त्यानं मला विचारलं. जणू मीच घातलं होतं.

शुक्रवार, १० जानेवारी
पट २, हजर २

तारीख आज ठीक राहिली. हायसं वाटलं. रोझीला आत सोडून लिंबाखाली चित्रण लावलं.

मी विचारतो, रोझी बेंजामिन? रोझी म्हणते, हजर, गुरुजी. आणि लगेच, मागच्या सीटवरून आल्यासारखं, आणखी एक हजर.

घुमला असेल आवाज. काचा बंद असल्या की घुमतो. पण घुमलेला आवाज मूळ आवाजासारखा असायला हवा. हा बारीक होता, आणि त्याला धाप लागलेली होती.

कार्ड पुसलं. टाचणी दाबली. दहा आकडे मोजले.

मंगळवार, १४ जानेवारी
पट २, हजर २

विजयमालाबाईंनी सकाळीच तिळगूळ आणून दिला. रोझीला पथ्य, म्हणून तिनं नुसता कपाळाला लावून माझ्या हातात दिला.

आजच्या चित्रणात तो आवाज रोझीच्या आधी आहे. मी रोझीचं नाव पुकारतो, आणि ती तोंड उघडायच्या आत मागून कुणीतरी धापा टाकत म्हणतं, हजर. रोझीचं उत्तर त्यामागून, अगदी मंद, जणू ती गाडीबाहेर उभी आहे. माझ्या शेजारी बसून तर ती खणखणीत बोलली होती.

नंतर नर्सबाई बाहेर येऊन म्हणाली की बाईंचा रक्तदाब मध्येच उतरला होता, आता ठीक आहे. वेळ विचारली. दहा चाळीस.

आता लिहायलाच हवं. तो आवाज मी ओळखला.

चांगुणा. चौथीतली. लांबच्या वस्तीवरून पळत यायची, नावाला उत्तर देताना धापा टाकायची. वर्ग हसायचा. ११ ऑगस्ट १९८६, सोमवार. त्या दिवशी साहेब तपासणीला आले होते. हजेरी चाळीसच्या खाली दिसली तर शाळेचं दुसरं पद जाणार, आणि दुसरं पद रोझीचं. तिची बदली पार अकोले तालुक्याच्या डोंगरात झाली असती. डॅनी पोटात होता. पट चाळीसचा होता. दहा चाळीसला मी मोजले तर एकोणचाळीस. चांगुणा आली नव्हती. उशीर झाला असेल, येईलच, असं म्हणून मी तिच्या नावापुढे हजर मांडलं.

ती आली नाही. संध्याकाळी तिचे वडील सूर्यभान विचारत आले. साहेबांची मोटार अजून दारात उभी होती. मी हजेरीपट काढून दाखवला. म्हणालो, शाळेत आली होती, सुटल्यावर गेली.

तिसऱ्या दिवशी ती सापडली. घरून शाळेत येण्याच्या वाटेवरच्या विहिरीत.

रोझीची बदली झाली नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी
पट २, हजर २ — पण कोण दोन

सकाळीच कॅमेरा काचेवरून उपटला. कार्ड काढून खिशात ठेवलं, कॅमेरा कपाटात कपड्यांखाली. वायर नाही, कार्ड नाही. गाडीत आज हजेरीही घेतली नाही. रोझीला वाईट वाटलं. गुरुजी रुसले का, म्हणाली.

दहा चाळीसला ती बेशुद्ध पडली. सात मिनिटं.

दुपारी घरी आल्यावर कपाट उघडलं. कॅमेऱ्याचा तांबडा दिवा लुकलुकत होता. पडद्यावर आजचाच रस्ता, तेच गहू, तीच सिमेंटची वाट. माझा आवाज. मी आज न बोललेलं माझ्याच आवाजात—

रोझी बेंजामिन? उत्तर नाही. पुन्हा विचारलं, नाही. मग माझाच आवाज, शांत, पेन चालवतानाचा असतो तसा: गैरहजर. मग चांगुणा सूर्यभान? हजर. बेंजामिन अब्राहाम? हजर.

पट दोन, हजर दोन. हिशेब बरोबर जुळतो. मीच शिकवलंय तिला, एक नसला तर त्याच्या जागी दुसरा मांडायचा.

रविवार, १९ जानेवारी

रोझीला विजयमालाबाईंजवळ ठेवलं आणि पारनेरकडे गेलो. प्रार्थनेला न जाता.

सूर्यभान कधीच वारले. चांगुणाचा भाऊ गहिनीनाथ कांद्याची लागण करत होता. तेव्हा बारा वर्षांचा होता, आता मिशा पांढऱ्या. त्यानं ओळखलं, बांधावर गोणपाट टाकून बसवलं, गुरुजी पोरांना अजून कविता म्हणून दाखवता का, असं विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं. हजेरीचं.

तो बराच वेळ हातातली रोपं निवडत राहिला. मग म्हणाला, “आमी दोन दीस डोंगराकडं हिंडलो, गुरुजी. साळंतून सुटल्यावर तिकडंच पोरं खेकड्यांच्या नादानं जायची. हिर तर साळंच्या वाटंवर हुती. पोरगी साळंत आलती म्हनल्यावर ती वाट कोन बघनार? दुसऱ्या दिशी सकाळी हिरीतनं आवाज आला, अशी एक म्हातारी सांगत हुती. तिला याडी म्हनून हाकललं आमी.”

मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्यानं धरू दिले नाहीत. म्हणाला, “माझी कशापायी माफी मागता? तिला सांगा की. तिची हजेरी हाय.”

येताना पूर्ण वाट काचा उघड्या ठेवल्या. तरी मागून धाप—

मंगळवार, २१ जानेवारी

गहिनीनाथनं सांगितलं तसं केलं. कॅमेरा पुन्हा काचेला लावला. रोझीला आत सोडून एकटा गाडीत बसलो, दारं लावली आणि मोठ्यानं म्हणालो, “चांगुणा सूर्यभान. अकरा ऑगस्ट एकोणीसशे शहाऐंशी. गैरहजर. मी खोटं मांडलं होतं.” अडतीस वर्षांनी ती चूक दुरुस्त केली. रडलो. वाटलं, सुटलो.

मग चित्रण लावलं. माझं रडणं. त्यानंतर लिंबावरच्या साळुंक्या. मग मागच्या सीटवरून, समजूत घातल्यासारखं:

“न्हाई गुरुजी. मी आलीया की. मागंच बसलीया.”

तेव्हा ती नव्हती आणि मी हजर मांडलं. आता ती आहे आणि मी गैरहजर म्हणालो. पुन्हा खोटंच—

नर्सबाई पळत आली आहे. रोझी

बुधवार, २२ जानेवारी

रोझी दवाखान्यातच आहे. श्वास लागतोय. डॉक्टर म्हणाले, परवाचं डायलिसिस निभावलं तर घरी न्या. निभावलं तर.

तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. विहीर, साहेब, चाळीसचा आकडा, तिची बदली. सांगताना तिच्याकडे बघवत नव्हतं. ती नळ्यांमधून माझा हात धरून होती. सांगून संपल्यावर म्हणाली, “हजेरी तुम्ही मांडलीत. पण त्या दिवशी चौथीचा वर्ग मी शिकवला. तिची जागा दिवसभर माझ्यासमोर रिकामी होती.”

म्हणजे तिला माहीत होतं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो. दोघांनाही माहीत, दोघंही गप्प.

नंतर डोळे मिटून म्हणाली, कालपासून कुणीतरी पोरगी पायाशी बसते. ओली आहे. तिला टॉवेल द्या.

गुरुवार, २३ जानेवारी

कॅमेरा काढत नाही. टाचणी फेकून दिली. जे मूळपदावर आणायचं ते यात नाही.

विचार केला तो एवढाच. ती आता जाणार नाही. तिला पुन्हा गैरहजर म्हणायचं नाही, ते मी एकदा करून पाहिलं. पट दोनचा आहे, तो मीच पहिल्या पानावर लिहिला. हजर दोनच बसतात. नावं तीन.

रोझीला काढून मी राहायचं, असं चाललंय. मागेही तसंच केलं होतं. आपलं माणूस राहावं म्हणून दुसऱ्याचं लेकरू—

नाही. तिसरं नाव आहे की, माझं.

डॅनीला फोन केला. उद्या दुपारपर्यंत ये म्हणालो, आईला घरी न्यायला गाडी चालवणारं कुणी हवं. तुम्ही आहात ना, म्हणाला. हो म्हणालो नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

लिंबाखाली. गाडीत. डायलिसिस आज लवकर सुरू केलंय. दहा चाळीसपर्यंत होईल म्हणाले. ऊन छान पडलंय.

दहा पस्तीस. मागे धाप लागलेली ऐकू येते. चित्रणात नाही, आताच, इथेच. पळत आलीय बिचारी. मी मागे वळून बघत नाही. म्हणालो, बस बाळ, उशीर नाही झाला.

सीट ओली होतेय. पाठीला गार—

दहा चाळीस. पुकारतोय माझाच आवाज, कॅमेऱ्यातून. मी ओठ मिटून आहे. वही मांडीवर.

रोझी बेंजामिन—

दवाखान्याच्या दारात नर्सबाईच्या खांद्यावर हात ठेवून उभी. रंग आलाय तोंडावर. माझ्याकडे बघून हात वर केला, ओठ हलले. इथवर ऐकू आलं. खणखणीत.

मांडतो. रोझी: हजर.

चांगुणा सूर्यभान— कानाच्या अगदी मागे—

चांगुणा: हजर.

बेंजामिन अब्राहाम—

उत्तर द्यायचं नाही. सत्तर वर्षांची सवय, जीभ वळतेय, दाताखाली धरलीय. पुन्हा पुकारलं. रोझी पायरी उतरतेय. सावकाश, रोझी. घाई नको. तिसऱ्यांदा पुकारत नाहीत, मांडून टाकतात. हाताला बोटं जाणवत नाहीत, पण एवढं मीच मांडायचं—

बेंजामिन: गैर